कपातला चमचा

हार्म फोकेनने काळ्या मखमलीची उशी चहाच्या टेबलावर ठेवली, सायीचं भांडं आणि मनुक्यांचा पाव यांच्या मधोमध. आईने ती उचलली आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. ती खुर्ची बाबांची होती. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, आईच्याही. पण तिने उशी पुन्हा हलवली नाही. किटलीवरचं विणलेलं टोपरं काढून ती चहा ओतायला लागली.

खडीसाखरेचे खडे गरम चहात तडकले. या घरात बारसं असो की मयत, तो आवाज तसाच येतो, असं आल्मुटच्या मनात आलं, आणि त्याचा तिला उगाचच आधार वाटला.

"उद्या घंटा वाजली की निघायचं," हार्म म्हणाला. माजी सैनिक संघाचा तो अध्यक्ष. पंचाहत्तरी उलटली तरी पाठ ताठ, बोलणं हुकूम सोडल्यासारखं. "पुढे झेंडा. झेंड्यामागे मी, उशी घेऊन. उशीवर पदकं. मग पेटी, मग थेडा, मग तुम्ही तिची पोरं. खड्ड्याशी ट्रंपेट वाजेल. कॅप्टनसाहेबांना शोभेल असंच करायचं."

आल्मुट त्रेपन्न वर्षांची होती आणि फोल्कर पंचावन्नचा. हार्मच्या लेखी दोघं अजून पोरंच.

"पदकांची काळजी नको, हार्मकाका." फोल्करने कोटाच्या खिशातून एक निळी डबी काढली. डबीत लोखंडी क्रॉस होता, नवा कोरा, कडेची चांदी लखलखणारी. बाबांचा खरा क्रॉस माळ्यावर होता, पण त्याच्या मधोमध वाकड्या पायांचं ते चिन्ह होतं आणि ते चारचौघांत मिरवायला कायद्याची बंदी. म्हणून पुढे सरकारनेच सोय केली होती: तोच क्रॉस, तेवढं चिन्ह काढून त्या जागी ओकची पानं. बाबांनी तो कधी मागवला नाही. फोल्करने मागवला.

"कधी मागवलास रे?" गेशेआत्याने विचारलं. ती बाबांची, एनोची, धाकटी बहीण. पावाला लोणी लावताना तिचा हात थांबत नसे, आणि तोंडही.

"जानेवारीत."

"जानेवारीत एनो जिवंत होता की."

"पोस्टाने यायला वेळ लागतो, आत्या."

"बरी तयारी आहे तुझी. माझ्यासाठी काही मागवलं असशील तर आत्ताच दाखव, रंग आवडतो का बघते."

हार्मसुद्धा हसला. आल्मुटला हसू आलं आणि त्याच क्षणी आठवलं, की आत्याच्या अशा बोलण्यावर सगळ्यांत मोठ्याने हसणारा माणूस उद्या पुरला जायचा होता. तिने कप उचलला आणि म्हणाली, "उशी नको."

कोणी ऐकलं नाही असं तिला वाटलं. म्हणून ती पुन्हा म्हणाली, "पेटीपुढे उशी नको. पदकं नकोत. बाबांनीच सांगितलंय."

"कुणाला?" फोल्करने विचारलं.

"मला."

"आणि का नको, तेही सांगितलं असेल."

तेही सांगितलं होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी, बाबांनी नळाचं पाणी नको, अंगणातल्या पंपाचं आण, असा हट्ट धरला होता. घरोघर नळ आले तेव्हा गावाने पंप उपटून टाकले. बाबांनी मात्र आपला ठेवला, दर वसंतात त्याला हिरवा रंग दिला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने प्यावं म्हणून त्याला साखळीने टिनचा मग बांधला. आल्मुटने त्याच मगातून पाणी नेलं. ते दोन्ही हातांत धरून, एक घोटही न घेता, बाबा बोलायला लागले.

तो क्रॉस त्यांना मिळाला होता त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात, रशियातून माघार घेताना. बाबा सुरुंगवाल्या तुकडीचे कॅप्टन. आधी ज्या नद्यांवर पूल बांधत गेले होते तेच पूल उडवत परत यायचं. मागे शत्रूच्या उपयोगी पडेल असं काही ठेवायचं नाही, असा हुकूम होता. पूल झाले, गिरण्या झाल्या, मग विहिरी. समुद्राला अडवून जमीन राखणाऱ्या घराण्यातला माणूस, ज्याच्या बापाने आणि आज्याने जन्मभर पाण्याचीच कामं केली, तो गावोगावच्या विहिरींत सुरुंग सोडत परत आला. लोक त्या गावांतच होते. हिवाळा तोंडावर होता. काम चोख झालं, म्हणून पदक.

"मग पंचेचाळीसच्या एप्रिलात," बाबा म्हणाले होते, "आपल्याच बांधाची दारं उघडून समुद्र आत घ्यायचा हुकूम आला. मी दारं फिरवायची लोखंडी मूठ काढली, पाण्यात फेकली आणि म्हटलं, हरवली. एवढंच करायचं होतं. म्हणजे 'नाही' म्हणायला मला येत होतं, आल्मुट. येत होतं. मग नोव्हेंबरात का नाही आलं?"

त्यानंतर ते म्हणाले, "माझ्यापुढे ते काही नेऊ नका." आणि मगच पाणी प्यायले.

हे सगळं आल्मुटपाशी होतं आणि ते टेबलावर ठेवायची तिची छाती होत नव्हती. फोल्करमुळे नव्हे, फोल्करशी भांडायला ती लहानपणापासून तयारच असे. समोर आई बसली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काळ्या झग्याची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. तिच्या नवऱ्याची आत्ता कुठे पेटी बंद झाली होती. उद्या पाद्री बांधाच्या दारांची गोष्ट सांगणार होता. ती मूठ लढाईनंतर गाळातून काढून गावच्या खाणावळीत भिंतीवर टांगली होती, नवी सून गावात आली की आधी तिला ती दाखवत. आईने ज्या माणसाबरोबर पंचावन्न-छप्पन्न वर्षं काढली तो त्या मुठीचा माणूस होता. तो माणूस तिच्याकडून हिसकावून घ्यायचा, तोही पुरण्याच्या आदल्या दिवशी?

"कारण सांगितलं नाही," आल्मुट म्हणाली.

"बघा!" फोल्कर खुर्चीत मागे रेलला. "ब्रेमेनच्या ग्रंथालयात बसून बसून हिला वाटतं, युनिफॉर्म घातलेला प्रत्येक माणूस राक्षस. बाबांच्या तोंडात आपलं वाक्य घालते."

"मी तीन महिने त्यांच्या उशाशी होते. तू रविवारी येत होतास."

"मी धंदा चालवतो. मला पगारी रजा नाही मिळत."

"पाव घ्या," आई म्हणाली.

दोघांनी निमूट पाव घेतला. आईने दुसरा कप ओतला. वाकड्या चमच्याने साय कपाच्या कडेने सोडली, ती ढगासारखी खालून वर आली. कोणी ढवळली नाही, ढवळायची नसतेच.

"मला विचाराल तर," गेशेआत्या म्हणाली, "उशी न्यावी." तिचा आवाज एकदम खाली आला होता. "एनोसाठी नाही म्हणत मी. त्याला मिरवणूक कधी आवडली? स्वतःच्या लग्नात चर्चच्या मागच्या दाराने आला होता. पण माझा नवरा रेम्मर लढाईत तिकडेच कुठेतरी पडलाय. त्याच्यासाठी ना पेटी निघाली, ना कोणी ट्रंपेट वाजवला. उद्या वाजेल तेव्हा निम्मा तरी मी त्याचा धरणार होते."

फोल्करने आत्याच्या हातावर हात ठेवला आणि आल्मुटकडे पाहिलं. बघ, आता आम्ही दोघं झालो, असं त्या पाहण्यात होतं. हार्म धरून तीन.

आल्मुट रिकामं सायीचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात आली. भरायची घाई नव्हती. उठायला निमित्त हवं होतं. फोल्कर तिच्यामागून आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"रडतेयस?"

"नाही."

"रड की. मी काल गाडीत रडलो. बांधावर गाडी थांबवली, तर मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देतोय. मेल्याला वाटलं गाडी बिघडली, उतरून टोचन दोर घेऊन आला."

ती हसली. तोही हसला, आणि मग ओट्याला टेकून, हातांकडे बघत म्हणाला, "तुला बाबा बोलायला मिळाले, आल्मुट. तुझ्याशी पुस्तकांवर बोलायचे, पाण्यावर, पक्ष्यांवर. मला कधी मिळाले? मी दहा वर्षांचा होतो ते परत आले तेव्हा. फाटकापाशी उभा होतो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सरळ पंपापाशी गेले. त्याआधी पाच वर्षं मला बाबा म्हणजे फडताळावरचा फोटो होता. त्या फोटोशी मी बोलायचो. शेवटी आलेल्या फोटोत छातीवर तो क्रॉस होता. माझे बाबा तेच आहेत गं. तेवढेच मला मिळालेत. ते उद्या पेटीपुढे चालावेत, एवढंच म्हणतोय मी."

आल्मुटला वाटलं, आता सांगावं. आत्ता, इथे, दोघंच असताना. तिने तोंड उघडलंही. पण त्या फोटोशी बोलणारा मुलगा तिला दिसला, आणि तिने भांडं नळाखाली धरलं. आपण गप्प बसतोय ते दयेने की भीतीने, हे तिला कळेना. पुस्तकांत असे प्रसंग तिने पुष्कळ वाचले होते. त्यात माणसांना नेमकं कळतं.

"चल," फोल्कर म्हणाला. "आईला एकटं नको ठेवायला."

आई एकटी नव्हती. ती हार्मसमोर सरळ बसली होती, आणि हार्म बांधाच्या दारांची गोष्ट सांगत होता. मूठ फेकली तेव्हा तो तिथेच होता. कॅप्टनसाहेबांनी वरिष्ठांच्या माणसाला कसं बांधावर बसवून सिगारेट दिली, 'शोधा तुम्हीच, पाणी दोनच पुरुष आहे' असं कसं सांगितलं, ते त्याने हजारदा सांगितलं होतं, आणि ते दर वेळी तितकंच छान लागत असे. आत्या डोळे पुसत हसत होती.

"अशा माणसाच्या पुढे उशी नको?" हार्मने आल्मुटकडे वळून विचारलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, विनवणी होती. "पोरी, आज ही जमीन कोरडी आहे ती कुणामुळे?"

"त्याच्यामुळे," आई म्हणाली. "ते खरं आहे. पण हार्म, हा क्रॉस त्याबद्दल नव्हता मिळाला."

"नाही, हा आधीचा."

"कशाबद्दलचा?"

"शौर्याबद्दलचा, थेडा. पहिल्या वर्गाचा आहे. असा उगाच देत नव्हते."

"कशाबद्दलचा, हार्म?"

खोलीत भिंतीवरचं घड्याळ नव्हतं चालू. बाबा गेले त्या सकाळी आईनेच ते थांबवलं होतं. हार्म कपाकडे बघत होता. त्याने दुसरा कप संपवला होता आणि सवयीने कप पुढे सरकवला होता, तिसऱ्यासाठी.

आईने किटली उचलली नाही. तिने हार्मच्या बशीतला चमचा उचलला आणि त्याच्या कपात ठेवला.

आत्याच्या हातातली लोण्याची सुरी खाली आली. चमचा कपात ठेवायचा तो पाहुण्याने, आपलं पोट भरल्यावर, आणि तोही तीन कपांनंतर. त्याआधी ठेवला तर घराचा अपमान. घरच्या बाईने पाहुण्याच्या कपात चमचा ठेवलेला आल्मुटने जन्मात पाहिला नव्हता. आत्यानेही नसावा. पोटभर झालं, आता पुरे, असं आई एका जुन्या शेजाऱ्याला सांगत होती.

"विहिरींबद्दलचा," आई म्हणाली.

आल्मुटने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात एनोची तुकडी गावागावांतल्या विहिरी उडवत आली. गावात माणसं असताना. फोल्कर, बस. उभ्याने ऐकू नकोस. परत आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एनो रोज उठून आपल्या पंपाला पाणी येतंय का ते बघायचा. एक दिवस मी विचारलं, आणि त्याने सांगितलं. मी म्हटलं, पोरांना सांगू नकोस. ते माझं म्हणणं होतं, त्याचं नाही. त्याने ऐकलं. हुकूम पाळायची सवय होतीच." ती जराशी हसली, आणि ते हसू पाहणं कठीण होतं. "चांगला माणूस होता म्हणूनच मी त्याच्याबरोबर राहिले. पण ते त्याने केलं होतं. त्याचं कौतुक त्याच्या पेटीपुढे चालू देणार नाही मी. त्या क्रॉसला ओकची पानं लावा नाहीतर गुलाबाची."

मग हार्म म्हणाला, "दोर माझ्या हातात होता."

त्याची पाठ अजून ताठ होती, पण ती आता कुणीतरी बाहेरून धरून ठेवल्यासारखी.

"कॅप्टनसाहेब वर उभे राहायचे. विहिरीत सुरुंग सोडायचो मी. एका गावात एक बाई बादली घेऊन आली. तिला वाटलं, आम्ही विहीर साफ करतोय. ती माझ्याकडे बघून..." तो थांबला. "उद्या कॅप्टनसाहेब नुसतेच गेले, उशीशिवाय, तर मी काय राहिलो, थेडा? माझ्यापाशी तर मूठही नाही. ती त्यांनी फेकली. मी नुसता बघत होतो."

तो उठला. आता या म्हाताऱ्याला असं पाठवायचं नाही, असं आल्मुटच्या मनात आलं. आश्चर्य म्हणजे आत्याही त्याच विचाराने अर्धी उठली होती. पण आई आधीच दारापाशी गेली होती. तिने खुर्चीवरची उशी उचलून त्याच्या काखेत दिली, जशी विसरलेली छत्री द्यावी.

"पेटीला सहा शेजारी लागतात," ती म्हणाली. "टोबियास येऊ शकत नाही, त्याची कंबर धरलीय. पुढे डावीकडे जागा आहे. उद्या तू शेजारी म्हणून ये, हार्म. झेंडा घरी ठेवून."

हार्मने उशी काखेत घट्ट धरली. टोपी घातली आणि गेला.

फोल्कर मागच्या दाराने अंगणात निघून गेला होता. खिडकीतून तो पंपापाशी उभा दिसत होता. त्याने दांडा दाबला, पाणी आलं, नुसतंच वाहू दिलं. पुन्हा दाबला. या माणसाने अर्ध्या जिल्ह्यातल्या शेतांत विहिरी खणून पंप बसवले होते. तोच धंदा त्याचा. बाबांनी तो धंदा काढून दिला तेव्हा, शिक्षणात डोकं नाही म्हणून काढून दिला, असंच तो आजवर समजत आला होता.

आई टेबल आवरायला लागली. आल्मुटने तिच्या हातातून बशा घेतल्या.

"तुला पण सांगितलं होय त्याने?" आईने विचारलं.

"फेब्रुवारीत. तुला कसं सांगू, म्हणून मी..."

"मला?" आई थबकली. "मी तुला जपत होते गं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग गेशेआत्या नाक शिंकरत म्हणाली, "आणि मला कोण जपणार? मला कोणीच काही सांगितलं नाही, नि मीच सगळ्यांत जास्त रडतेय." आणि तिघी अशा हसल्या की अंगणातून फोल्करने वळून पाहिलं.

"आत्या, ट्रंपेट वाजेल," आल्मुट म्हणाली. "मी पाद्र्याशी बोलते. रेम्मरकाकांसाठी म्हणून. तसं सांगूनच वाजवायला लावू."

आत्याने मान हलवली. ती बोलू शकत नव्हती, आणि हे घरात क्वचितच घडे.

सकाळी वारा पडला होता. कुरणांवर पहिली मेंढरं सोडली होती आणि त्यांची कोकरं बांधाच्या उतारावर पांढरी दिसत होती. चर्चजवळच्या दालनात पेटी ठेवली होती आणि पाच शेजारी काळ्या कोटात आपापल्या जागी उभे होते. पुढे डावीकडची जागा रिकामी.

"नाही येणार तो," फोल्कर पुटपुटला. रात्री झोपला नसावा. दाढी करताना हनुवटी कापली होती. "मी धरतो."

"मुलगा नाही धरत पेटी," आत्या म्हणाली. "मुलाने मागून चालायचं."

"मग काय पाच जणांनी न्यायची?"

"थांबा," आई म्हणाली.

घंटा सुरू झाली. पाद्र्याने घड्याळाकडे आणि मग नम्रपणे दुसरीकडे पाहिलं. आल्मुट फाटकाकडे बघत राहिली. एवढ्या लांबूनही ज्याची चाल ओळखू यावी असा गावात एकच माणूस होता, आणि तो माणूस आता रस्त्यावरून येत होता, नेहमीपेक्षा जरा वाकून. झेंडा नव्हता. छातीवर काही नव्हतं. काखेत उशी नव्हती. साधा काळा कोट होता, बायकोच्या मयताला घातला होता तोच.

"मॉइन," हार्मने सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला, आणि आपल्या जागी जाऊन पेटीची मूठ धरली.

पेटीपुढे काही नव्हतं. नुसता रस्ता होता, त्याच्या दोन्ही बाजूंचे ओहोळ भरून वाहत होते, आणि मग दफनभूमी. पाद्र्याने बांधाच्या दारांची गोष्ट सांगितली, ती खरीच होती. मग आईने त्याला सांगून ठेवल्याप्रमाणे तो म्हणाला, की या माणसाने आयुष्यात एकदा पाणी राखलं आणि त्याआधी पुष्कळदा ते नासवलं, आणि दोन्हींचं ओझं शेवटपर्यंत वाहिलं. मंडळींत जराशी हालचाल झाली. माजी सैनिकांपैकी एकजण टोपी घालून निघून गेला. बाकीचे राहिले. ट्रंपेट वाजला तेव्हा गेशेआत्याने डोळे मिटले आणि ओठ हलवले. कुणाचं नाव घेत होती ते उघड होतं.

माती लोटायला शेजारीच असतात. हार्मने कोट काढून कुंपणावर टाकला आणि फावडं हातात घेतलं. इतरांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला, वय बघ म्हणाले. तो थांबला नाही.

घरी परतल्यावर आईने थांबलेलं घड्याळ सुरू केलं आणि किटली ठेवली. मंडळी आली, पाव खाल्ला, बाबांच्या आठवणी निघाल्या, खरबरीत हात हातात घेतले गेले, चमचे एकेक करत कपांत पडत गेले आणि माणसं पांगली. शेवटी टेबलापाशी कालचेच पाचजण राहिले. बाबांची खुर्ची रिकामी होती. क्रॉसची निळी डबी फोल्करने तिच्यासमोर टेबलावर आणून ठेवली.

"परत घेतात म्हणे," तो म्हणाला. "न वापरलेला असेल तर."

"मग पाठव परत," आत्या म्हणाली. "टपाल खर्च मी देते."

आईने हार्मला तिसरा कप ओतला. साय सोडली. तो सावकाश प्यायला, तळाची साखर लागेपर्यंत. चमचा बशीत होता. सगळ्यांची नजर त्या चमच्यावर होती आणि कोणीही तिकडे बघत नसल्यासारखं करत होतं. हार्मने चमचा उचलला, बोटांत फिरवला आणि परत बशीत ठेवला. कप पुढे सरकवला.

आईने किटली उचलली. चौथा कप ओतला.

"काका," फोल्कर म्हणाला, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "हार्मकाका, त्या गावाचं नाव काय होतं? बादलीवाल्या बाईच्या?"

आल्मुटने हा प्रश्न बाबांना विचारला होता. त्यांनी मान हलवली होती. विसरलो म्हणून की सांगवत नाही म्हणून, ते कळलं नव्हतं. आता तिला वाटलं, हार्मही मान हलवेल.

"स्तारी ब्रोद," हार्म म्हणाला. ते नाव त्याच्या तोंडी इतकं तयार होतं की जणू रोज म्हणत असावा. "मिन्स्कच्या पलीकडे. नदीच्या वळणावर. एक शाळा होती, पत्र्याची. पुढे जर्दाळू की काय, कसलीतरी झाडं."

"स्तारी ब्रॉड."

"ब्रोद."

"ब्रोद," फोल्करने म्हणून पाहिलं. मग त्याने पाव बाजूला सारला, हात टेबलावर ठेवले, आणि आल्मुटने त्याचा तो चेहरा ओळखला. गिऱ्हाइकाच्या शेतात उभा राहून माती बघताना तो असाच दिसे. "आता तिकडे जाऊ देतात. परवानगी मिळते. एम्डेनचे काहीजण जाऊन आले शरदात." तो थांबला. "पाणी किती खोल होतं?"

हार्मने डोळे मिटले. त्याची उजवी मूठ टेबलावर हळूहळू उघडत गेली, दोर सोडावा तशी, आणि मग थांबली.

"नऊ मीटर," तो म्हणाला. "दहा असेल."

"मग फार खोल नाही," फोल्कर म्हणाला, आणि आपला कप आईपुढे सरकवला.